नारळ प्रशिक्षकाला, खुर्ची मालकाला

३१ जानेवारी २०२० रोजी एफसी गोवा या फुटबॉल क्लबने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना नारळ दिला. साखळीतले तीनच सामने उरले होते आणि संघ अव्वल स्थानासाठी झुंजत होता. आधीच्या हंगामात याच स्पॅनिश प्रशिक्षकाने गोव्याला आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, अंतिम सामन्यापर्यंत नेले होते, वर सुपर कपही जिंकून दिला होता. नुसत्या गुणतक्त्यावर बोट फिरवून या निर्णयाचे कारण कुणालाच सापडले नसते. हंगामी जबाबदारी आली ती गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे. उरलेले तिन्ही सामने संघाने जिंकले, शेवटचा जमशेदपूरविरुद्ध ५-०. साखळीत अव्वल येणाऱ्या संघाची लीग विनर्स शील्ड गोव्यात आली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत खेळण्याचा मान मिळवणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढे उपांत्य फेरीत चेन्नईत ४-१ असा मार खाल्ला, फातोर्ड्यात ४-२ ने जिंकूनही एकूण ६-५ ने बाहेर पडावे लागले.

लोबेरा गेले मुंबई सिटीकडे. २०२०-२१ चा हंगाम करोनामुळे संपूर्ण गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळला गेला. त्यात मुंबईने आधी शील्ड घेतली आणि मग अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलवर एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून चषकही घेतला. उपांत्य फेरीत मुंबईने पेनल्टी शूटआऊटवर ज्यांना घरी पाठवले, तो संघ होता एफसी गोवा.

मग गोव्याच्या व्यवस्थापनाचा निर्णय बरोबर होता की चूक? लोबेरांच्या चाहत्यांना विचाराल तर ते मुंबईच्या दोन करंडकांकडे बोट दाखवतील. व्यवस्थापनाची बाजू घेणारा म्हणेल, त्यांच्याशिवायही शील्ड आलीच ना! दोन्ही दाव्यांत एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. लोबेरा एकटे मुंबईला गेले नव्हते. मुर्तदा फाल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि मंदार राव देसाई असा गोव्याच्या संघाचा कणाच त्यांच्यापाठोपाठ मुंबईत दाखल झाला. आणि हे शक्य झाले, कारण नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये ते खेळाडू गोव्यात होते म्हणून गोवा जिंकला, मार्च २०२१ मध्ये ते मुंबईत होते म्हणून मुंबई. हे थोडे ताणून बोलतो आहे हे मला कळते. लोबेरांच्या संघाची चेंडू खेळवण्याची पद्धत त्यांचीच होती आणि ती उत्तम होती. पण फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाला श्रेय देताना आणि दोष देताना आपण जेवढे ताणतो, त्यापेक्षा हे कमीच आहे.

संघ हरू लागला की क्लबच्या हातात असते काय, ते आधी पाहू. खेळाडू बदलायचे तर ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत, उघडावी लागते. युरोपात ती उन्हाळ्यात आणि जानेवारीत उघडते, मधल्या काळात दारे बंद. नको झालेल्या खेळाडूचे तीन-तीन वर्षांचे करार शिल्लक असतात आणि तोच पगार देणारा दुसरा क्लब मिळत नाही. ज्याने हे खेळाडू खरेदी केले तो क्रीडा संचालक मालकाच्या शेजारी बसलेला असतो. मालक स्वतःला काढत नाही. प्रेक्षक बदलता येत नाहीत. राहता राहिला एक माणूस, ज्याला कोणत्याही मंगळवारी सकाळी बोलावून निरोप देता येतो आणि संध्याकाळपर्यंत दुसरा उभा करता येतो. प्रशिक्षकाची गच्छंती होते ती बहुतेक वेळा याच कारणाने. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत घसरले तर क्लबचे उत्पन्न दहा कोटी पौंडांच्या आसपास आटते. एवढी भीती डोक्यावर असताना मालकाला काहीतरी केल्यासारखे दाखवावेच लागते, आणि करण्यासारखे एवढेच हातात असते.

बरे, याचा उपयोग होतो का? नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्या काही सामन्यांत संघ उसळी मारतो, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचे आकडे तपासले. प्रशिक्षक काढल्यावर निकाल सुधारतात, हे त्यांनाही दिसले. पण तेवढीच घसरण झालेली असताना ज्या क्लबांनी प्रशिक्षक ठेवला, त्यांचे निकालही तसेच सुधारले होते. म्हणजे ताप उतरायच्या बेतात असताना डॉक्टर बदलला आणि श्रेय नव्या डॉक्टरला गेले. चार-पाच पराभवांच्या ओळीत दुखापती असतात, खांबाला लागून परत आलेले चेंडू असतात, कठीण प्रतिस्पर्ध्यांचा पट्टा असतो. तो संपला की संघ आपल्या नेहमीच्या पातळीवर परततो. ती पातळी ठरवतो मुख्यतः पैसा. स्टीफन शिमान्स्की या अर्थतज्ज्ञाने इंग्लिश क्लबांचा वर्षानुवर्षांचा हिशेब मांडून दाखवले आहे की पगारावर होणारा खर्च आणि गुणतक्त्यातली जागा यांची जोडी फार घट्ट असते, विशेषतः अनेक हंगामांची सरासरी काढली तर.

म्हणून माझा मापदंड सरळ आहे: क्लबने ज्या किमतीचा संघ प्रशिक्षकाच्या हाती दिला, त्या किमतीच्या मानाने तो वर राहिला की खाली गेला? करंडक, लोकप्रियता, पत्रकार परिषदेतला विनोद, हे सगळे बाजूला ठेवायचे. हा मापदंड लावला की काही निकाल भावनेला पटणारे येतात आणि काही अजिबात पटत नाहीत.

क्लॉदिओ रानिएरी यांचेच पाहा. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी विजेता होईल यावर हंगामाच्या सुरुवातीला सट्टेबाज एकास पाच हजार असा भाव देत होते. लेस्टर विजेता झाला. नऊ महिन्यांनी, २३ फेब्रुवारी २०१७ रोजी, रानिएरी घरी बसले. आदल्याच रात्री संघ चॅम्पियन्स लीगमध्ये सेविलाकडून २-१ ने हरला होता, पण परतीच्या सामन्याची आशा जिवंत होती. लीगमध्ये मात्र घसरणीच्या रेषेपासून एकच गुण वर. जगभर हळहळ झाली, आणि ती रास्त होती. क्लबने उन्हाळ्यात एन्गोलो कान्ते चेल्सीला विकला होता. संघाचे इंजिनच गेले; त्याच कान्तेला घेऊन चेल्सी त्या वर्षी विजेता झाला. हा व्यवहार काही रानिएरींना हवा म्हणून झाला नव्हता.

पण पुढचा भाग हळहळणारे सांगत नाहीत. सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाती सूत्रे आल्यावर तेच खेळाडू लिव्हरपूलविरुद्ध ३-१ ने जिंकले, लीगमधले सलग पाच सामने जिंकले, सेविलाला उलटवून युरोपातल्या शेवटच्या आठांत पोहोचले आणि लीगमध्ये बारावे आले. निर्णय उपयोगी पडला, यात शंका नाही. उपयोगी पडला म्हणून रानिएरी त्याच लायकीचे होते असे मात्र सिद्ध होत नाही. खेळाडू एका आठवड्यात एवढे बदलू शकत असतील, तर आधीचे सहा महिने ते काय करत होते, हा प्रश्न खेळाडूंना विचारायला हवा. तो कुणी विचारला नाही. आणि ऑक्टोबरमध्ये शेक्सपिअर यांनाही नारळ मिळाला.

आता उलटे उदाहरण, ज्यावर माझे मत अनेकांना आवडणार नाही. अँज पोस्टेकोग्लू यांनी २१ मे २०२५ रोजी टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. सतरा वर्षांनी क्लबच्या कपाटात करंडक आला. सोळा दिवसांनी त्यांना काढले. ‘कृतघ्नपणा’ हा शब्द त्या आठवड्यात पुष्कळ वापरला गेला. मला विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. लीगमध्ये टॉटनहॅम सतराव्या स्थानावर होता, म्हणजे घसरणीच्या रेषेच्या अगदी वरच्या पायरीवर. ३८ सामन्यांत २२ पराभव. इंग्लंडमधल्या श्रीमंत क्लबांत ज्याची गणना होते त्या संघासाठी ही कामगिरी दुखापतींची मोठी यादी मान्य करूनही खर्चाच्या मानाने फार खालची आहे. बचावफळी अर्धी रुग्णालयात असतानाही ती मध्यरेषेपर्यंत पुढे सरकवत राहण्याचा हट्ट प्रशिक्षकाचा होता. बाद फेरीच्या स्पर्धेत चार-पाच चांगल्या रात्री करंडक देऊन जातात. २०१२ मध्ये रोबेर्तो दी मातेओ यांच्या चेल्सीने म्युनिकमध्ये बायर्नला त्यांच्याच मैदानावर हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि नोव्हेंबरमध्ये दी मातेओ बाहेर होते. करंडकाने माणूस अजरामर व्हावा. त्याने नोकरी पक्की व्हावी, असे काही नाही.

टॉटनहॅमच्या गोष्टीत एक दुर्मीळ जोड आहे. त्याच सप्टेंबरात क्लबचे अध्यक्ष डॅनियल लेवी सुमारे पंचवीस वर्षांनी पायउतार झाले. इतकी वर्षे प्रशिक्षक नेमणारा आणि काढणारा माणूस एकच होता. त्याच्या नेमणुकांचा हिशेबही कधीतरी मांडला गेला, हे या धंद्यात फारसे घडत नाही.

पोस्टेकोग्लू यांचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण ते मात्र निव्वळ मालकाचे पाप आहे. नॉटिंगहॅम फॉरेस्टला नुनो एस्पिरितो सांतो यांनी २०२४-२५ मध्ये सातव्या स्थानावर आणून कित्येक वर्षांनी युरोपात नेले होते. मागे दबून राहून झटक्यात प्रतिहल्ला, ही त्यांची रीत. मालक इव्हांगेलोस मारिनाकिस यांचे त्यांच्याशी बिनसले, आणि ९ सप्टेंबरला त्यांनी नेमके त्याच्या उलट खेळणारे पोस्टेकोग्लू आणले. प्रतिहल्ल्यासाठी गोळा केलेल्या खेळाडूंना हंगाम सुरू झाल्यावर सांगितले, आता पुढे चढून खेळा. आठ सामन्यांत एकही विजय नाही. १८ ऑक्टोबरला चेल्सीकडून ०-३ हरल्यावर शेवटची शिट्टी वाजून वीस मिनिटेही झाली नसतील, तोच हकालपट्टी जाहीर. नोकरी टिकली एकोणचाळीस दिवस. यात प्रशिक्षकाची लायकी तपासायची तरी कशी?

मँचेस्टर युनायटेडचा मामला याहून महाग आहे. २०२४ च्या एफए कपनंतर (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) व्यवस्थापनाने एरिक टेन हाग यांच्या जागी कोण मिळेल याची चाचपणी केली, मनासारखा माणूस मिळाला नाही, आणि ४ जुलैला त्यांचाच करार वाढवला. २८ ऑक्टोबरला, संघ चौदाव्या स्थानावर असताना, त्यांना काढले. त्यांच्यासह त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावी लागलेली रक्कम सुमारे १ कोटी ४ लाख पौंड. पाच महिन्यांपूर्वी वाजतगाजत आणलेले क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थही डिसेंबरात गेले. त्यांच्यासाठी आणखी सुमारे ४१ लाख. नव्या रुबेन अमोरिम यांना सोडवून आणण्यासाठी लिस्बनच्या स्पोर्टिंगला मोजलेले पैसे वेगळेच. आणि याच क्लबने काटकसरीच्या नावाखाली २०२४ मध्ये सुमारे २५० लोकांना कमी केले, २०२५ मध्ये आणखी १५० ते २०० नोकऱ्या जातील असे जाहीर केले, कर्मचाऱ्यांचे मोफत जेवणसुद्धा बंद केले. टेन हाग यांना काढणे योग्य होते. खेळाडूंवर त्यांच्या काळात झालेला खर्च बघता ते फार खाली होते. पण जुलैतला तो करार ज्यांनी केला, त्यांच्यापैकी किती जणांचे जेवण बंद झाले? अमोरिम यांच्यासह संघ त्या हंगामात पंधरावा आला.

प्रशिक्षकाची बाजू घेणारे अशा वेळी सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे नाव काढतात. १९८६ मध्ये आले, १९९० च्या जानेवारीत म्हणे खुर्ची डळमळत होती, एफए कपमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला आणि इतिहास घडला. म्हणून धीर धरा. ही गोष्ट मला नेहमी अर्धवट वाटते. फर्ग्युसन आले तेव्हा त्यांनी ॲबरडीनसारख्या क्लबकडून स्कॉटलंडची तीन विजेतेपदे मिळवली होती आणि १९८३ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदला हरवले होते. पहिला संघ धडपडत असताना खाली मुलांच्या संघांची नवी बांधणी चालू होती. वरिष्ठांनी धीर धरला तो हे पाहून. दाखवण्यासारखे काहीच नसलेल्या माणसाला चार वर्षे दिली असती तर चार वर्षे वाया गेली असती, आणि अशा क्लबांच्या गोष्टी कुणी सांगत बसत नाही. खुद्द फर्ग्युसन यांनी निवडलेल्या डेव्हिड मोएस यांना सहा वर्षांचा करार मिळाला होता. तो दहा महिने चालला.

धीराविरुद्धचा सगळ्यात अडचणीचा पुरावा म्हणजे रोमन अब्रामोविच यांची चेल्सी. मोरिन्यो, स्कोलारी, आन्चेलोत्ती, व्हियास-बोआस, दी मातेओ अशी रांग लावून प्रशिक्षक काढले. आन्चेलोत्ती यांना तर लीग आणि एफए कप असा दुहेरी मुकुट जिंकून दिल्यावर वर्षभरात, एव्हर्टनच्या मैदानातून बाहेर पडण्याच्या बोगद्यातच निरोप. तरी १९ वर्षांत पाच लीग विजेतेपदे आणि दोन चॅम्पियन्स लीग! टॉमस टुकेल यांना तर हंगामाच्या मध्यावर, जानेवारी २०२१ मध्ये आणले आणि मे महिन्यात ते युरोपचे विजेते झाले. याचा प्रतिवाद नीट करायला हवा. चेल्सीकडे पैसा अमाप होता आणि खेळाडूंचा गाभा (चेक, टेरी, लॅम्पार्ड, द्रोग्बा) दशकभर तोच होता. प्रशिक्षक बदलत राहिले तरी संघ बदलत नव्हता. २०२२ मध्ये मालक बदलले, त्यांनी टुकेल काढले, ग्रॅहम पॉटर आणले, तेही काढले, लॅम्पार्ड यांना हंगामापुरते बसवले आणि मधल्या काळात डझनाच्या हिशेबाने नवे खेळाडू घेतले. तेव्हा चेल्सी बारावी आली. तीच सवय, पण खालचा कणा नव्हता.

काढणे चांगलेही असू शकते. साउदॅम्प्टनने जानेवारी २०१३ मध्ये नायजेल ॲडकिन्स यांना काढले तेव्हा सगळ्या इंग्लंडने क्लबला शिव्या घातल्या. तिसऱ्या श्रेणीतून लागोपाठ दोन बढत्या मिळवून प्रीमियर लीगमध्ये आणणारा माणूस, दोन दिवसांपूर्वी चेल्सीत २-२ बरोबरी करून आलेला! बदली आला तो इंग्लंडमध्ये फारसा ठाऊक नसलेला एक अर्जेंटिनी, माउरिसियो पोचेत्तिनो. पुढच्या हंगामात साउदॅम्प्टन आठवा. ब्रायटननेही २०१९ मध्ये ख्रिस ह्यूटन यांना, संघ लीगमध्ये टिकलेला असताना, हंगाम संपताच निरोप दिला. पॉटर यांनी तीन वर्षांत तोच क्लब नवव्या स्थानी नेला. या दोन्ही ठिकाणी काढण्याआधी पुढचा माणूस आणि पुढची रीत ठरलेली होती. कालच्या पराभवाचा राग त्यात नव्हता. ह्यूटन किंवा ॲडकिन्स यांच्यावर अन्याय झाला का? थोडा झाला. पण निर्णय घेणाऱ्यांनी आपले काम केले होते, एवढे तरी म्हणता येते. जर्मनीतल्या फ्रायबुर्गने दुसरे टोक दाखवले आहे: २०१५ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला तरी क्रिस्टियान श्ट्राइख यांना हात लावला नाही. वर्षभरात ते विजेते होऊन वर आले, २०२२ मध्ये जर्मन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचले. आपल्या ऐपतीप्रमाणे हा माणूस काम करतो आहे की नाही, हे क्लबला ठाऊक होते.

गोव्यातही असा काळ होता. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपो या गोव्यातल्या क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आज क्लबांना हा आकडा स्वप्नातला वाटेल.

आपल्याकडे भारतीय प्रशिक्षकाला नारळ मिळण्याचीही वेळ क्वचित येते, कारण त्याला कायम नेमतच नाहीत. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली. कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला भारतीय, खालिद जमील, नेमला गेला २०२१ मध्ये. मिरांडा यांनी गोव्यात तीन सामन्यांसाठी येऊन काय केले ते वर आलेच आहे. २०२३ मध्ये त्यांनी ओडिशाला सुपर कपही जिंकून दिला, तोही हंगामी प्रशिक्षक म्हणून. त्यानंतर ओडिशाने मुख्य प्रशिक्षक नेमले ते सर्जिओ लोबेरा यांना. लोबेरांबद्दल तक्रार नाही, पण घर सावरायला देशी आणि घर सजवायला परदेशी, ही वाटणी कुणी केली?

जमील यांनी मुंबई एफसीला कूपरेजच्या त्या छोट्या मैदानावर, तुटपुंज्या पैशांत, वर्षानुवर्षे आय-लीग या राष्ट्रीय साखळीत टिकवले. कंटाळवाणा बचावात्मक फुटबॉल, अशी त्यावर टीका होई, आणि ती खोटी नव्हती. २०१६ मध्ये ते आणि क्लब वेगळे झाले. पुढच्याच हंगामात जमील यांनी ऐझॉलला, म्हणजे आधीच्या वर्षी घसरून केवळ गोव्याचे क्लब बाहेर पडल्यामुळे परत घेतलेल्या संघाला, आय-लीगचे विजेते केले. त्याच तक्त्याच्या तळाशी मुंबई एफसी होती.

राष्ट्रीय संघाचा हिशेब ताजा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. जून २०२४ मध्ये विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडल्यावर त्यांना काढले आणि करार मोडल्याबद्दल चार लाख डॉलरवर तडजोड केली. मग मानोलो मार्केस आले, तेही एफसी गोवाचे काम चालू ठेवून, म्हणजे राष्ट्रीय संघाला अर्धवेळ प्रशिक्षक. आठ सामन्यांत एक विजय मिळवून ते गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील आले. ऑक्टोबरात फातोर्ड्याला सिंगापूरने आपल्याला २-१ ने हरवले आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. त्या हंगामात आयएसएल वेळेवर सुरूच झाली नव्हती, खेळाडूंना सामनेच नव्हते. दोन वर्षांत तीन प्रशिक्षक झाले. महासंघाच्या ज्या लोकांनी श्टिमाच यांचा करार वाढवला, मार्केस यांना अर्धवेळ नेमले आणि लीगचा नवा करार मुदतीत केला नाही, त्यांच्या कामाचा गुणतक्ता अजून कुणी मांडलेला नाही.